उस्मान मास्टरचं ‘बराबर’

उस्मान मास्टरच्या दुकानातलं घड्याळ बावीस मिनिटं मागं होतं, आणि ते त्यांनी मुद्दाम तसं ठेवलेलं होतं. शिरड शहापूरला नवीन आलेला माणूस हमखास फसायचा. मीही फसले. वसमतची बस साडेपाचची. मास्टरच्या भिंतीवर नुकतेच पाच वाजलेले, म्हणून मी शाळेच्या पडद्यांचं कापड निवांत चाळत बसले, आणि दहा मिनिटांच्या आत बस माझ्या डोळ्यांदेखत दुकानासमोरून निघून गेली.

“मास्टर, घड्याळ बंद आहे का तुमचं?” मी चढ्या आवाजात विचारलं.

“चालून राहिलं की मॅडम. हे आपल्या गावाचं टाइम हाय. तुमच्या मोबाइलमधलं टाइम साडेब्याऐंशी रेखांशाचं, तिकडं मिर्झापूरच्या बाजूचं. आपण सत्याहत्तरवर. फरक साडेपाच अंशांचा, अंशाला चार मिन्टं. करा गुणाकार.”

मी गावातल्या हायस्कुलात भूगोल शिकवते. हा गुणाकार मी दरवर्षी नववीला घालते. पण तो भिंतीला टांगून त्यावर जेवणखाण करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

“मग बस कोणत्या टायमानं येते?”

“बस सरकारची हाय. तिला कोण समजावून सांगंल?”

त्या दिवशी मी जीपगाडीत अंग चोरून घरी गेले आणि वाटभर त्यांना शिव्या घातल्या. पुढची सहा वर्षं मात्र आठवड्यातून एकदा तरी त्या दुकानाची पायरी चढल्याशिवाय मला करमलं नाही.

मास्टर म्हणजे टेलर मास्टर. अंगानं काटक, गळ्यात टेप, कानामागं चपटा खडू. ‘मास्टर, मास्टर’ ऐकून परगावचे लोक त्यांना शाळेचे समजायचे, आणि पोराच्या दाखल्यासाठी दुकानात यायचे. त्यांना मास्टर बसवून घ्यायचे, पाणी द्यायचे, आणि मग माझ्याकडं धाडायचे. काज-बटणाचं काम शमीमभाभी करायच्या, मास्टरांच्या बायको. एकुलती लेक हैदराबादला दिलेली. मी दिसले की मास्टर म्हणायचे, “जय भीम मॅडम,” आणि मी म्हणायचे, “सलाम मास्टर.” हा आमचा पायंडाच पडला होता. सलाम घेताना त्यांचा उजवा हात कपाळापर्यंत जायचा. कैची हातात असली तर आधी खाली ठेवायचे. डाव्या हातानं सलाम नाही, डाव्या हातानं गिऱ्हाइकाला कापड देणं नाही, आणि भाभींनी चुकून दिलं तर “शमीम!” एवढंच, पण असं की भाभी हात बदलायच्या.

स्वतःबद्दल ते एकच वाक्य सांगायचे. “टेलर पोटासाठी. बाकी मी मापाचा येडा हाय.”

आमची खरी ओळख झाली ती पडदे लावायला ते शाळेत आले तेव्हा. भूगोलाच्या खोलीत पृथ्वीचा गोल होता. त्यावर बोट फिरवत त्यांनी विचारलं, “ह्या उभ्या रेघांमधली आपल्या गावाजवळून कोणती जाते?”

“साधारण सत्याहत्तर.”

“साधारण म्हंजी?”

“म्हणजे... आसपास.”

“आसपास म्हंजी कोणाच्या वावरातून?”

आता काय सांगणार, कप्पाळ! वीस वर्षं मी रेखांश शिकवत होते, आणि तो कोणाच्या शेतातून जातो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मास्टर शांतपणे पडद्याच्या कड्या अडकवत म्हणाले, “कंबर साधारण चौतीस म्हणून मी पॅन्ट शिवली, तर माणूस भर रस्त्यात उघडा पडंल. सांगितलेल्या मापावर मी कैची लावत न्हाई मॅडम. स्वतः टेप लावल्याबिगर न्हाई.”

मला राग आला. जास्त राग याचा, की ते खरं होतं.

मग त्यांनी शोध सुरू केला. लेकीकडं हैदराबादला गेले, तर लोकांसारखं चारमिनार बघायचं सोडून जुन्या बाजारातून हातातलं जीपीएस यंत्र घेऊन आले. बटणांच्या पत्र्याच्या डब्यात हळूहळू होकायंत्र आलं, भिंग आलं, दोन तापमापक आले, गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा आला तो परत गेलाच नाही. भाभी म्हणायच्या, “डब्ब्यात बटनां कम, भानगडी ज्यादा.” सहलीही तशाच. लोणारला गेले ते होकायंत्राची सुई कुठं बहकते ते बघायला. पालमजवळ एकोणीस अक्षांश आणि सत्याहत्तर रेखांश एकमेकांना छेदतात, म्हणून भाभींना डबा बांधून तिथं घेऊन गेले, आणि दोघांनी बांधावर बसून जेवण केलं. ती गोष्ट भाभी येईल त्याला सांगायच्या, “लोकां बायको को ताजमहाल दिखाते. इनों मेरेकू कपास का खेत दिखाए.” मास्टर खाली मान घालून शिवण मारत राहायचे, पण गालात हसायचे.

औंढ्याजवळ आकाशातल्या लहरी मोजायची मोठी प्रयोगशाळा होणार असं पेपरात आलं, तेव्हा ते कात्रण घेऊन ते शाळेत आले होते. “केसाहून बारीक माप घेणार म्हणतात. चला, आपल्या जिल्ह्यात आमच्या जातीचं कोणीतरी आलं.”

सत्याहत्तरची रेघ शेवटी औंढ्याहून जिंतूरकडं जाताना चार-साडेचार किलोमीटरवर सापडली, एका हळदीच्या वावरात. तिथं जे रामायण झालं त्याची मी साक्षीदार आहे, कारण अर्धं मीच वाढवलं. मास्टर हातात यंत्र, गळ्यात टेप, काखेत चार खुंट्या घेऊन सरींमधून चालले होते. मी मागं. खुरपणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. वावराचे मालक किसनराव बांधावरूनच ओरडले, “कोन हाय तिकडं? काय मोजून राहिले?”

मास्टरांनी मान वर न करता सांगितलं, “रेघ शोधून राहिलो.”

झालं! रस्ता रुंद व्हायचा असला, कालवा यायचा असला, की आधी टेप आणि खुंट्यावाला माणूस येतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. दहा मिनिटांत बांधावर आठ-दहा माणसं जमली. एकानं तर प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा आणला होता.

“कोनती रेघ? कुठून कुठं चालली?” किसनरावांनी विचारलं.

“वरून खाली,” मास्टर खरं तेच बोलले. “उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत.”

“एवढा मोठा रस्ता!” किसनराव मटकन बांधावर बसले. “मंग आमचं वावर गेलंच म्हना.”

मी पुढं झाले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, “अहो काका, ही काल्पनिक रेषा आहे.”

“काल्पनिक हाय तर मोजता काहून?” एक बाई खुरपं कमरेला लावून म्हणाली.

मास्टर इतका वेळ किसनरावांच्या गळ्याकडं बघत होते. म्हणाले, “जरा मान फिरवा बरं.” किसनरावांनी गोंधळून फिरवली. “ही कॉलर माझी हाय. तुमी मापाला स्वतः आला न्हाई, जुना सदरा धाडला होता. डावा खांदा पाऊण इंच उतरता.”

“उस्मान मास्टर व्हय तुमी?” किसनराव उभे राहिले. “अगोदर सांगायचं न्हाई का राव! इथं जीव जायची पाळी आली.” मग चहा आला, बाया हसत परत खुरपायला बसल्या. किसनरावांनी जाताना खासगीत विचारलं, “ह्या रेघंचं आमाला काही मिळंल का?”

“काई न्हाई.”

“जाईल बी काई न्हाई?”

“न्हाई.”

“मंग राहू द्या तिला बापडीला.”

यंत्र तीन-चार पावलं इकडंतिकडं दाखवतं म्हणून मास्टर त्या वावरात चार वेळा गेले, वीस वेळा आकडे घेतले, त्यांची सरासरी काढली, आणि बांधावर एक दगड रोवून त्याला चुना लावला. दगडाभोवती एक चक्कर मारली, आणि म्हणाले, “बराबर.”

हा शब्द ऐकला आणि मी चमकले. आमच्याकडं ‘बराबर’ दिवसातून शंभर वेळा तोंडातून जातं. मास्टर ते उगाच खर्चत नसत. गिऱ्हाईक आरशासमोर खूश होऊन उभं असलं तरी ते म्हणायचे, “चालंल.” फार झालं तर, “हाय ठीक.” त्यांच्या तोंडून ‘बराबर’ त्याआधी मी एकदाच ऐकलं होतं, माझ्या वडिलांसाठी. दादांनी उमेदीची वर्षं वसमतच्या मोंढ्यात हमाली केली. पोती वाहून उजवा खांदा कायमचा खाली गेलेला. पंच्याहत्तरीला त्यांच्या मनात आलं की चौदा एप्रिलला कोट घालायचा. आयुष्यातला पहिला कोट. मास्टरांनी त्यांना तीनदा बोलावलं, दर वेळी अस्तर उसवलं, आतून घडी घातली, परत शिवलं. तिसऱ्या वेळी दादा आरशासमोर उभे राहिले, आणि दोन्ही खांदे एका रेषेत दिसले. मास्टर मागून पाठीवरची सुरकुती सरळ करत म्हणाले, “बराबर.” दादा गेले तेव्हा त्या कोटातच गेले.

दगड रोवला त्याच वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. चूक म्हणजे काय, मी बोलून गेले. वर्षातून दोनच दिवस आपल्या गावावर सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही, असं मी त्यांना सांगितलं. एकदा मेच्या मध्यानंतर, एकदा जुलैच्या शेवटाला.

“मला वाटायचं, रोजच बाराला जाते,” मास्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “तुमी बघितली?”

“नाही. पुस्तकात आहे.”

ते माझ्याकडं बघतच राहिले. दुसऱ्या दिवसापासून दुकानासमोर मातीत लोखंडी गज उभा. रोज दुपारी सावलीला टेप. सावली रोज थोडी-थोडी आखूड होत गेली, आणि मास्टरांना ध्यासच लागला. बिनसावलीची दुपार एकदा बघायची, आणि तीही सत्याहत्तरच्या दगडापाशी.

पहिल्या मे महिन्यात ते निघालेच होते, इतक्यात हळदीला बसलेला एक नवरदेव शेरवानी घेऊन आला. चार दिवसांच्या मेजवान्या खाऊन शेरवानीची बटणं लागेनात. मास्टरांनी एकदा घड्याळाकडं बघितलं, एकदा नवरदेवाच्या पोटाकडं. “आता ह्याला उघडा कसा धाडायचा?” म्हणाले आणि मशीनवर बसले. जुलैत आभाळ. पुढच्या मेमध्ये आम्ही दगडापाशी वेळेवर पोचलो, तर जिंतूरकडून अवकाळी ढग आले आणि दुपारभर हलले नाहीत. परत येताना मास्टर बांधावरच्या बाभळीवर आदळले. झाड चांगलं हातभर जाड होतं, आणि लख्ख उजेड होता.

नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू. बाजूचं दिसणं गेलंय, गेलेलं परत येत नाही, उरलंय ते जपायचं.

दुसरा माणूस असता तर घरात बसला असता. मास्टरांनी दुकानाच्या भिंतीसमोर स्टूल ठेवलं, नाक सरळ धरून बसले, आणि भाभींना सांगितलं, पांढरं बटण भिंतीवरून बाहेरून आत आण. बटण दिसलं की ते ‘बस’ म्हणायचे, तिथं खडूची खूण. दर महिन्याच्या एक तारखेला. खुणा दोन्हीकडून आत सरकत होत्या. मी एकदा ते बघितलं तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मास्टर टेपनं अंतर घेत होते. “डाव्या अंगानं सव्वा इंच आत घेतलं,” ते म्हणाले. “उजवीकडं एक. फिटिंग चालून राहिली मॅडम.” भाभींनी बटण डब्यात टाकलं आणि त्या आत निघून गेल्या.

तिसरा मे जवळ आला तोवर मधलंही धुरकट झालं होतं. दुकानात शिवण आता भाभी मारायच्या. लेक म्हणत होती, हैदराबादला चला. मास्टर म्हणत होते, मे जाऊ दे. एप्रिलमध्ये त्यांनी मला बोलावून घेतलं.

“मॅडम, सावली न्हाई हे मला कसं कळंल? मला तर असलेली बी दिसत न्हाई.”

“मी सांगीन की,” मी म्हणाले.

त्यांनी गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळली आणि सोडली. माझी मला जीभ चावावीशी वाटली. सांगितलेल्या मापावर कधी कैची न लावलेल्या माणसाला मी काय देत होते, तर सांगितलेलं माप!

आठ दिवसांनी त्यांचाच निरोप आला. जुनं पायाचं मशीन होतं, त्याचं डोकं त्यांनी काढून ठेवलं होतं. डोकं बसतं तिथल्या भोकावर फळी ठोकून मधोमध इंचभर छेद पाडला होता. छेदावर चार फुटांचा इंची पाइप उभा. खाली चारी बाजूंनी शेरवानीचं काळं अस्तर सोडलेलं.

“मला आता दुनिया नळीतूनच दिसते,” मास्टर म्हणाले. “मंग सूर्याला बी नळीतूनच बोलवू. तो सरळ डोक्यावर आला तर ऊन खालपर्यंत उतरंल. जरा वाकडा असला तर न्हाई उतरणार. खाली माझा हात राहील.”

मी नववीला एवढी वर्षं काय शिकवत होते कोण जाणे.

बिनसावलीच्या दिवशी किसनरावांनी स्वतःचा छोटा हत्ती काढला. हो, तेच किसनराव. आता ते पाहुण्यांना दगड दाखवून ‘आमच्या वावरातून दुनियेची रेघ जाते’ असं सांगायचे. टेम्पोत मागं मशीनचा सांगाडा, पाइप, पाण्याचा घडा आणि भाभी. मास्टर पुढं. मी माझ्या स्कूटीवर. दगडाशेजारी मशीन ठेवलं, त्याच्या पायांखाली लाकडी चिपा घातल्या. मास्टरांनी ओळंब्याचा दोरा पाइपाजवळ सोडला आणि दोरा आणि पाइप यांमधलं अंतर चारी बाजूंनी नखानं चाचपलं. दोनदा चिप बदलायला लावली.

“किती वाजले?”

“बारा-पाच.”

“बारा-अठराला येईल. बावीसला यायला पाहिजे, पण मे महिन्यात सूर्य तीन-चार मिन्टं घाईत असतो. लग्नसराई ना!” किसनराव हसले. मास्टरांनी बाही वर केली आणि अस्तराखाली उजवा हात घातला.

बारा-दहाला जिंतूरकडून एक ढग आला. लहानसा होता, पण नेमका सूर्यावर जाऊन बसला. वावरातलं ऊन मावळलं. बारा-बारा झाले. बारा-चौदा झाले. मास्टर हलले नाहीत. किसनराव ढगाकडं बघून पुटपुटले, “सरक की रे बाबा.” भाभी पदराआड म्हणत होत्या, “या अल्ला, आज के दिन हटा दे.” मी देवाधर्माची नाही, पण त्या दोन मिनिटांत मीही त्या ढगाला मनातल्या मनात हात जोडले.

बारा-सोळाला ऊन पडलं.

मी खाली बघितलं. चुना लावलेल्या दगडाच्या कुठल्याच अंगाला सावली नव्हती. इतकी वर्षं पुस्तकातून शिकवलेलं माझ्या पायाशी उभं होतं. माझ्या तोंडून निघालंच, “मास्टर, दगडाची सावली...”

“सांगू नका,” मास्टर म्हणाले. “हातात आलं.”

मास्टरांनी डोळे मिटले होते. त्यांना ते आता लागत नव्हते.

“बोटांकडून आलं,” ते हळू म्हणाले. “आता तळव्यात... मधात. शमीम, खडू ला. जल्दी.”

भाभींनी त्यांच्या कानामागचा खडू काढला आणि अस्तर जरा उचलून आत हात घातला. ऊन पडलं होतं तेवढ्या गोलाभोवती त्यांनी मास्टरांच्या तळहातावर रेघ ओढली. मास्टरांनी त्यांचं मनगट धरून ठेवलं आणि त्यांचा हात पाइपाखाली घेतला. “देख.”

“गरम है जी,” भाभी म्हणाल्या.

“बराबर,” मास्टर म्हणाले.

थोड्या वेळानं ऊन पाइपातून गेलं. आम्ही घडाभर पाणी प्यालो, सांगाडा टेम्पोत चढवला. येत्या शुक्रवारी ते दोघं हैदराबादला निघणार होते, आणि मला दुसऱ्या दिवसापासून शुक्रवारपर्यंत हिंगोलीला प्रशिक्षण होतं. म्हणजे ही शेवटचीच भेट, हे मास्टरांना आणि मला, दोघांनाही माहीत होतं. मी टेम्पोच्या खिडकीपाशी गेले. माझा आवाज ओळखून त्यांनी मान वळवली.

“जय भीम मॅडम.”

“सलाम मास्टर.”

त्यांनी डावा हात कपाळाला लावला. उजवा हात मांडीवर होता, मूठ मिटलेली, आणि टेम्पो वावराबाहेर पडून रस्त्याला लागला तरी त्यांनी ती उघडली नव्हती.